टाळीबाबाचा चेहरा

९ जानेवारी

मायना मुद्दामच लिहिलेला नाही. ‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही, ‘आदरणीय’ लिहावं तर माझं मलाच हसू येतं, आणि तुझ्यासाठी जो शब्द माझ्या ओठांवर कायम तयार असतो तो टपालखात्याच्या हवाली करण्यासारखा नाही.

तुझं पत्र पोचलं. जाड कागद, वर मठ-महाविद्यालयाचा शिक्का, खाली ‘निवासी आचार्य’ अशी लफ्फेदार सही. आणि सुरुवात काय, तर ‘आदरणीय शिल्पकार बाई, सप्रेम नमस्कार’. इतक्या वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नव्हतीस, आणि लिहिलीस ती अशी. काम असल्याशिवाय तू कधी कोणाला नमस्कार करत नाहीस, त्यामुळे दुसरा परिच्छेद मी आधी वाचला.

तर तुला माझा दाखला हवा आहे. ‘मठाच्या दक्षिण दारावरील, विद्यार्थ्यांत टाळीबाबा या नावाने प्रिय असलेल्या मूर्तीचा चेहरा हा प्रस्तुत पत्रलेखकाचा असून आपण तो आदरभावाने कोरला’, असं मी मठाच्या दुरुस्ती समितीला लिहून द्यावं. मठाच्या दाराची दुरुस्ती निघाली, जुने फोटो वर आले, आणि विद्यापीठाच्या मासिकात कोणा संशोधक मुलीने नव्या कोऱ्या टाळीबाबाचा फोटो तुझ्या तरुणपणीच्या फोटोशेजारी छापला. ते मासिक मीही पाहिलं. आमच्या मूर्तिदुरुस्तीच्या कारखान्यात सगळ्यांनी पाहिलं. तेच नाक, तीच हनुवटी. आता तू निवृत्त होणार, सत्कार होणार, आणि त्या मूर्तीखाली तुझ्या नावाची पाटी बसावी अशी तुझी इच्छा आहे. समिती म्हणते, कोरणाऱ्या बाईने सांगितलं तर बसवू.

चेहरा तुझाच आहे. तुझी डावी भुवई उजवीपेक्षा जरा वर आहे, हे तुझ्या आईनंतर फक्त मला माहीत. नाकाचा शेंडा थोडा डावीकडे वळतो. वरचा ओठ पातळ, कारण तू खोटं बोलण्याआधी तो आत ओढतोस, आणि मी तो तसाच कोरला आहे. पण ‘आदरभावाने’ हा शब्द वाचला तेव्हा मी चहा पीत होते. ठसका लागला आणि सगळा चहा टेबलावर सांडला.

तुला आठवत नसेल म्हणून लिहिते. मठाची निवासी आचार्याची जागा रिकामी झाली होती. आत राहणारा शिक्षक अविवाहित असला पाहिजे, हा मठाचा जुना नियम. आणि आपलं लग्न त्याच हिवाळ्यात झालेलं, शहराबाहेरच्या त्या लहानशा प्रार्थनामंदिरात, ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्या पुरोहितापुढे. साक्षीला त्याची बायको. मी शिल्पशाळेत शिकत होते, तू धर्मशास्त्र करत होतास, घरच्यांना कळवायची हिंमत दोघांतही नव्हती. गल्लीतली ही खोली तेवढी घेतली होती. तू म्हणालास, ‘एकच वर्ष. आत राहिलो तर ग्रंथालय मिळेल, प्रबंध होईल, मग बाहेर येतो आणि सगळ्यांना सांगतो.’

कोणीतरी चहाडी केली. मुख्याचार्यांनी मलाही मठाच्या चौकात बोलावून घेतलं. तुला विचारलं, ‘या मुलीशी तुझा काय संबंध?’ तू एक हात ग्रंथावर ठेवलास, दुसरा खांद्यापर्यंत वर केलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, ‘काही नाही. शिल्पशाळेत असते. तोंडओळख आहे.’

मी गप्प बसले. वर्षभराचाच तर प्रश्न होता. वर्ष संपलं, तू बाहेर आला नाहीस. पुढच्या वर्षीही नाही. मग तुझ्या नावापुढे पदव्या लागत गेल्या आणि मी वाट पाहायचं सोडून दिलं.

दाखला मिळणार नाही.

ता. क. पत्राच्या शेवटी तू ‘पत्ता अजून तोच आहे हे पाहून आश्चर्य वाटले’ असं लिहिलं आहेस. आश्चर्य वाटायचं कारण नाही. कामावर जायला जवळ पडतं.


२८ जानेवारी

आता ‘आदरणीय’ गेलं आणि ‘स्नेहांकित’ आलं. बरीच प्रगती आहे.

‘तत्कालीन परिस्थिती लक्षात घेता’ हे तुझं वाक्य मी मोठ्याने वाचून पाहिलं. माझ्या आयुष्याला तू तत्कालीन परिस्थिती म्हणतोस. पुढे लिहितोस की झालं गेलं विसरून आपण दोघांनी मिळून मठाच्या वारशाची सेवा करू, पाटीवर माझंही नाव ‘लहान अक्षरात’ घालता येईल. आणि वर पाच पानांचा लेख जोडला आहेस, टाळीबाबाचा वर केलेला हात हा आशीर्वादाचा हात कसा आहे यावर. संदर्भांसकट. तू पोथ्या पुष्कळ वाचल्यास रे, पण ज्या दारातून रोज आत गेलास ते दार काही वाचलं नाहीस.

दक्षिण दाराशी कमरेच्या उंचीवर मूर्तींची ओळ आहे. ती संतांची नाही, पापी माणसांची आहे. आत जाणाऱ्याने आधी ती पाहावी आणि मन साफ करून पुढे जावं, म्हणून ती तिथे बसवली. पहिला चोर, त्याच्या कमरेला पळवलेली थैली. दुसरा खादाड. तिसरी चहाडखोर बाई, कानाशी हात धरलेली. आणि चौथा खोटी शपथ घेणारा. त्याचा एक हात ग्रंथावर, दुसरा वर. आशीर्वाद कसला देतोय? शपथ घेतोय तो.

वरची पन्हळ फुटली होती, वर्षानुवर्षं पाणी मुरून चौथ्या मूर्तीचा वरचा भाग गळून पडला. गळून पडला तो तू आत गेल्यानंतर. मी तेव्हा शिक्षण सोडून मठाच्या दुरुस्ती कारखान्यात लागले होते, कारण चौकातल्या त्या प्रसंगानंतर शिल्पशाळेत मुली माझ्याकडे बघून कुजबुजायच्या. मूर्ती नव्याने कोरायचं काम माझ्याकडे आलं. हाताचं जुनं चित्र होतं, तोंडाचं काहीच नव्हतं. आमचे उस्ताद म्हणाले, “तोंड एखाद्या जिवंत माणसाचं लाव. मनातून काढलंस तर बाहुली दिसेल. पूर्वीपासून सगळे असंच करतात. ती चहाडखोर बघ, ती माझ्या सासूबाई आहेत.”

मग काय! मला कोणाला समोर बसवायची गरजच नव्हती. तोंडओळख होती ना. मी छिन्नी उचलली आणि डोळे मिटले तरी तू दिसत होतास. तुझी नाकपुडी घासताना मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. उस्ताद म्हणायचे, “पोरी, जरा दमाने, दगडाने तुझं काय घोडं मारलंय?” माझा बेत सोपा होता. तू रोज तासाला जाताना स्वतःला बघशील. सगळं शहर तुला तुझ्या पापासकट ओळखेल.

तू त्या दारातून रोज गेलास आणि एकदाही खाली पाहिलं नाहीस. कमरेच्या खालचं जग तुला कधी दिसलंच नाही. हा माझा पहिला पराभव.

दुसरा पराभव पोरांनी केला. परीक्षेला उशीर झालेली एक मुलगी धावत आली, दारात घसरली आणि पडू नये म्हणून तिने तुझ्या दगडी पंजावर पंजा टेकवला. पेपर सोपा गेला. दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणी आल्या. आता बघतोस ना, परीक्षेच्या दिवसांत रांग लागते. येतात, टाळी देतात, गालावरून हात फिरवतात, कानात काहीबाही सांगतात. मी परांचीवर बसून ऐकलेलं आहे. कोणाला घरची आठवण येते, कोणाचं प्रेम जमत नाही, कोणाला शिकायचंच नाहीये पण बापाला सांगायची सोय नाही. सगळं तुला सांगतात. ज्याने बायकोला ओळख दाखवली नाही त्याच्या गळ्यात अख्ख्या विद्यापीठातली पोरं पडतात! मी तुला तिथे उभं केलं ते लोकांनी थुंकावं म्हणून.

मला राहवेना. एकदा रांगेतल्या एका मुलाला मी सांगितलं, “अरे बाळा, हा कोणी बाबा नाही. खोटी शपथ घेणारा आहे हा, लबाड.” तो म्हणाला, “मग तर आपलाच माणूस, आजी! आम्हीपण घरी सांगितलंय की सगळा अभ्यास झाला.” आणि टाळी देऊन गेला.

त्या हातांनी आणि पावसाने तुझा चेहरा झिजला. नाक जवळजवळ गेलंच आहे. म्हणूनच तुला दाखला लागतो, आता नुसतं बघून कोणी ओळखत नाही.

तर ऐक. मी दाखला देईन, पण माझ्या शब्दांत. ‘ही मूर्ती खोटी शपथ घेणाऱ्याची आहे. हा चेहरा माझ्या नवऱ्याचा आहे. तो मला पाठ होता, कारण रोज सकाळी डोळे उघडले की मला आधी तोच दिसायचा.’ आणि तू समितीसमोर उभं राहून म्हणायचं की हे खरं आहे. तेवढं जमलं तर तुझी पाटी तुझी. जमणार नसेल तर पाटीवर पाणी सोड आणि मला पुन्हा ‘स्नेहांकित’ वगैरे लिहू नकोस.

तू येणार नाहीस हे मला माहीत आहे. तू गप्प बसशील, पाटी लागणार नाही, आणि उरलेलं आयुष्य त्या दारातून जाताना तुला खाली बघावं लागेल. मला तेवढंच पुरे.


१९ फेब्रुवारी

तू आलास.

समितीच्या बैठकीला मी जुन्या ग्रंथालयात सगळ्यात आधी येऊन बसले होते. कारखान्यातून तशीच आले, कपड्यांवर दगडाची धूळ. नदीपलीकडून चालत यायचं म्हणजे दम लागतो, तिथल्या शिपायाने पाणी दिलं. छताचे पोपडे निघालेत, त्या रंगवलेल्या देवदूतांची तोंडं बघत बसले. समितीचे लोक आले. अध्यक्षबाईंनी विचारलं, “आचार्य येणार आहेत का?” मी म्हटलं, “नाही येणार.” इतक्या खात्रीने म्हटलं की त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

आणि तू दारात. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा कोट, हातात काठी. म्हातारा झालास. खिडकीतून लांबून एवढं कळत नव्हतं.

अध्यक्षबाईंनी माझा दाखला वाचून दाखवला. ‘नवऱ्याचा’ या शब्दाशी त्या थांबल्या, चष्मा नीट केला आणि पुन्हा वाचला. मग तुला विचारलं, “हे खरं आहे?” मी तुझ्या वरच्या ओठाकडे बघत होते. तो आत गेला नाही. तू म्हणालास, “खरं आहे. ही माझी पत्नी आहे. लग्न इथे रुजू होण्याआधी झालं होतं.”

माझ्या हातातून चष्मा पडला. लोकांना वाटलं म्हातारपण.

हे वाक्य मला तेव्हा, त्या चौकात हवं होतं. त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात हवं होतं. माझी आई गेली तेव्हा हवं होतं, ती शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिली की आमच्या मुलीला लग्नच करायचं नाही. ते मिळालं तेव्हा मी टेबलाखाली चष्मा शोधत होते. मला याचा राग आला, तुझ्यापेक्षा जास्त स्वतःचा. क्षणभर, अगदी खरं सांगते, मला वाटलं की सगळं फिटलं. आता उठावं आणि याचा हात धरावा.

पण तू माझ्याकडे बघतच नव्हतास. टेबलावर तो मूर्तीचा फोटो होता ना, नाक शाबूत असतानाचा, तू त्याच्याकडे बघत होतास. आणि लगेच म्हणालास, “म्हणजे चेहरा माझाच, हे आता सिद्ध झालं ना?”

वा रे बहाद्दर! मला नाकारलंस ते मठातल्या खोलीसाठी आणि कबूल केलंस ते दगडी नाकासाठी. मी दोन्ही वेळा तिथेच होते आणि दोन्ही वेळा तुला दिसले नाही.

अध्यक्षबाई मात्र पक्क्या निघाल्या. म्हणाल्या, “आचार्य, चेहऱ्याचं नंतर बघू. शपथेचं काय?” तू हात झटकलास. “ती फार जुनी गोष्ट झाली.” त्या म्हणाल्या, “हे दार तर त्याहून जुनं आहे, तरी आपण त्याची दुरुस्ती करतोच की.” तेव्हा कुठे तुझ्या ध्यानात आलं की आपण काय बोलून बसलो. तुझा चेहरा उतरताना मी पाहिला. मन भरून पाहिला. तो कोरायला मिळाला असता तर मी फुकट कोरला असता.

घरी येऊन मी जेवले, भांडी घासली आणि मग रडले. तुझ्यासाठी नव्हे. का ते तुला सांगणार नाही.


११ मार्च

मठाचा निर्णय मलाही कळवला आहे. सत्कार रद्द. निवासी आचार्य विवाहित होता असं सिद्ध झाल्यामुळे खोल्या खाली करायच्या. पाटी बसणार, तिच्यावर फक्त ‘खोटी शपथ घेणारा’ एवढंच. नाव घालायचं नाही, मठाची अब्रू जाते म्हणे. म्हणजे पाप तेवढं लिहिलं आणि पापी गाळला. तुझ्या हाती काय लागलं? काही नाही. मला वाटतं मी जिंकले.

तोंडाचंही ऐक. नाक-डोळे पुन्हा कोरायचे की नाही यावर चर्चा झाली. मी तयार होते, हत्यारांना धारही लावून ठेवली होती. तेव्हा विद्यार्थ्यांचं शिष्टमंडळ आलं. त्यांनी सांगितलं, तोंडाचं काय करायचं ते करा किंवा करू नका, हाताला मात्र धक्का लावू नका. “तोंड कोण बघतं?” असं त्यांचं म्हणणं. समितीने तोंड आहे तसं ठेवायचं ठरवलं. तुला हे वाचून काय वाटेल याचा विचार करत मी पूर्ण एक संध्याकाळ मजेत घालवली.

आता तुझ्या पत्राकडे येते. अक्षर बिघडलं आहे तुझं. लिहितोस की या वयात नवीन जागा कोण देणार, भाऊ-बहीण कोणी उरलं नाही, दमा आहे, जिने चढवत नाहीत, ‘पण तुझा जिना चढेन.’ ‘एक कोपरा पुरे.’ आणि मग मला शब्दात पकडायला बघतोस: ‘कारखाना नदीपलीकडे हलवून किती काळ झाला, मग तू त्या खोलीत का राहिलीस, तिथून माझी खिडकी दिसते म्हणूनच ना?’

बरं, हलला कारखाना. मग? खोली माझ्या नावावर आहे, मी हवी तिथे राहीन. खिडकी दिसते तर दिसते. खिडक्या असतातच दिसायला. तुझा दिवा कधी लागतो, कधी विझतो, आजारी असलास की पडदा कसा अर्धाच ओढलेला असतो, हे मला माहीत आहे. शत्रूवर लक्ष ठेवावं लागतं. याच्यापलीकडे त्यात काही शोधू नकोस. लेख लिहायला तर अजिबात बसू नकोस.

आणखी एक गंमत. मठाच्या कचेरीतून मला पत्र आलं, ‘आपल्या पतीचे सामान व व्यवस्था यासंबंधी’. नियमाप्रमाणे विवाहित आचार्याचं घर म्हणजे त्याच्या पत्नीचं घर, तेव्हा आपण कधी न्यायला येता? आपल्या लग्नाला कुत्रंसुद्धा आलं नव्हतं आणि आता पाठवणीला अख्खा मठ उभा आहे! मी त्यांना कळवलंय की मी यायची नाही. तुलाही तेच कळवते. कोपरा नाही. माझ्या खोलीला कोपरे आहेत, पण ते भरलेले आहेत. तू एकटा राहायला शीक. मला कोणी शिकवलं नव्हतं, तरी जमलं.

इकडे येऊ नकोस.


१७ मार्च, दुपार

हे पत्र टपालाने येणार नाही. तू अंगणात उतरणाऱ्या जिन्याच्या तळाशी तुझ्या ट्रंकेवर बसला आहेस आणि मी वर खिडकीशी बसून लिहिते आहे. खालच्या इस्त्रीवाल्या काकू तुला नेऊन देतील. ओरडून बोलता आलं असतं, पण तोंड उघडलं तर त्यातून काय बाहेर पडेल याची मला खात्री नाही. लिहिलेलं निदान खोडता येतं.

सकाळी तू वर चढून आलास. धापा मला दारातून ऐकू येत होत्या, मधल्या पायरीवर किती वेळ थांबलास तेही कळलं. दार वाजवलंस. मी उघडलं नाही. मग तू मला त्या नावाने हाक मारलीस, जे या जगात तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. तशी हाक मारायला नको होतीस. ती ऐकून माझा हात कडीपर्यंत गेला होता, हेही लिहून टाकते, म्हणजे तो मागे घेणं मला किती जड गेलं असेल ते तुला समजेल. मग तू खाली गेलास. मला वाटलं गेलास. खिडकीतून वाकून पाहिलं तर ट्रंकेवर बसलेला.

तेव्हापासून बसून आहेस. महाविद्यालय सुटलं, गल्लीतून पोरं जातायत. काही तुला ओळखतात, एकमेकांना कोपरखळ्या मारतात. तू खाली मान घालून बसतोस. काकूंनी तुला पाणी दिलं, ते मी सांगितलं म्हणून नव्हे. उन्हाकडे पाठ करून बस, तुला त्रास होतो.

मी विचार करत होते की आता मला काय काय करता येईल. मी तुला हाकलू शकते. मी तुला वर बोलवू शकते. मी काहीच न करता माझं जेवण करून झोपू शकते. इतकी वर्षं यातलं एकही माझ्या हातात नव्हतं, कारण तू माझा कोणीच नव्हतास. जो आपला कोणी नाही त्याला घराबाहेर तरी कसं काढणार? आता तू नवरा आहेस, पाच माणसांसमोर आणि शिक्क्यानिशी. आता तुला दाराबाहेर ठेवायचा अधिकार मला आहे. ही चैन मी इतक्यात सोडणार नाही. दार कधी उघडेन, उघडेन की नाही, ते मला आत्ता माहीत नाही. माहीत असतं तरी तुला सांगितलं नसतं. तू मला ‘एकच वर्ष’ असं तरी सांगितलं होतंस, मी तेवढंही सांगणार नाही.

उठून जायचं असेल तर जा. रस्ता तुझ्या पायापाशीच आहे. पण तू जाणार नाहीस असं मला वाटतं, आणि तू खरंच गेलास तर मी काय करेन हे मला इथे लिहायचं नाही.

हे लिहीत होते तेवढ्यात काकू अंगणात आल्या आणि वर तोंड करून ओरडल्या, “अगं ए, कोण हा म्हातारा सकाळपासून बसलाय? तुझ्या ओळखीचा आहे का? हाकलू का त्याला?” सगळी गल्ली थांबली. पोरंही थांबली. तूही मान वर केलीस. मी काय म्हणाले ते तू ऐकलंसच, तुझ्याइतकंच सगळ्यांनी ऐकलं, तरी कागदावरही असू दे म्हणून लिहिते. मी म्हटलं, “नवरा आहे तो माझा, काकू. बसू दे तिथेच.”